सुभेदारांचा पिवळा पैलवान

अमेरिकेत सिनेमाचा जो सगळ्यात मोठा पुरस्कार देतात तो कुस्तीचा असतो, अशी आमच्या घरमालकांची बरीच वर्षं समजूत होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो. मग त्या पुरस्काराचा पुतळा नीट निरखून बघितला आणि हसू आवरलं. रुंद खांदे, आत ओढलेलं पोट, ताठ मान, अंगावर चिंधी नाही आणि सगळ्या अंगाला हळद फासल्यासारखा पिवळा रंग. ज्याची हयात तालमीत गेली त्यानं याला पैलवान म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पिवळा पैलवान हे नाव त्यांनीच ठेवलेलं. त्यांना त्यात एकच गोष्ट खटकायची. लंगोट न लावता गडी उभा केलाय आणि तो खुशाल बायामाणसांच्या हातात देतात, याला काही रीत आहे का, असं ते दरवर्षी एकदा तरी म्हणत.

घरमालक म्हणजे फौजेतून रिटायर झालेले सुभेदार. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे आणि मीही इथं मारणार नाही. मी मूळचा साताऱ्याचा. कुंडलच्या अलीकडे एका गावात, कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला लागलो आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खोल्या बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि वजन विचारलं. मी पंचावन्न किलो म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. एवढ्याशा वजनाला दोन खोल्या कशाला लागतात, असं त्यांनी माझ्यासमोरच काकींना विचारलं. काकी म्हणजे त्यांची बायको. त्या म्हणाल्या, पुस्तकं असतील. तेव्हा कुठं मला खोल्या मिळाल्या.

माणसं ते अशी वजनावर ओळखत. आमचे प्राचार्य त्यांच्या लेखी भारी गटातले, पण सगळं वजन पोटाला. तलाठी मध्यम, पायात जोर नाही. त्यांचे स्वतःचे दोन्ही कान मोडून गाठी झालेल्या होत्या, त्यामुळे मोबाईल कानाला बसत नसे. ते तो तोंडासमोर धरून माईकवर बोलल्यासारखे बोलत आणि पलीकडचा माणूस काय म्हणतो ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. त्यांच्या घरात गुपित म्हणून काही राहणं शक्यच नाही, अशी माझी समजूत होती.

माईकची सवय खरीच होती. गावच्या यात्रेत माघात कुस्त्यांचं मैदान भरे, आणि त्या मैदानाच्या जोडी लावायचा मान सुभेदारांचा. ज्यांनी मैदान बघितलं नाही त्यांना वाटतं कुस्ती म्हणजे दोन पैलवान आणि माती. खरी गंमत आधी असते. कुणाची कुणाशी लावायची, कुणाला शेवटच्या मानाच्या कुस्तीला घ्यायचं आणि कुणाला पोराटोरांबरोबर रेवड्यांवर कटवायचं, हे जोड लावणारा ठरवतो. लोक बघतात ती त्याच्या पुढची गोष्ट. जोडी लावून झाल्या की सुभेदार माईक हातात घेत आणि दिवस मावळेपर्यंत निकाल देत. त्यांनी दिलेला निकाल कुणी फिरवला नव्हता.

हा मान त्यांना मिळाला तो आफ्रिकेमुळे. नोकरीत असताना ते शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेले होते, नाइल नदीच्या वरच्या अंगाला. तिथले गुराखी कुस्ती खेळतात. सुभेदारांनी तिथं कुस्ती धरली आणि त्यांची पाठ काही लागली नाही, ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. ते सुट्टीवर आले तेव्हा एसटी स्टँडपासून हलगी लावून मिरवणूक निघाली होती. आफ्रिकेतही अजिंक्य, असा फ्लेक्स लागला होता म्हणे. पुढं हा विषय कुणी काढला की सुभेदार उठून गोठ्याकडे जात. आम्ही सगळे याला त्यांचा विनय समजत होतो.

आता सिनेमाचं. मी राहायला गेलो त्या पहिल्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, एका सोमवारी पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. इंग्रजी येतंय न्हवं, मग खाली या, एवढंच बोलले. खाली टीव्हीवर तो सोहळा चालू होता. तिकडे रविवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे सोमवार उजाडत असतो. तोवर त्यांना हे कुस्तीचं नाही हे कळून चुकलं होतं, पण सवय लागली होती. त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट समजून घ्यायची होती. अभिनयाच्या पुरस्कारांची नावं वाचत होते, त्यांत काळा माणूस एकही का नाही? नट नाही, नटी नाही. बाजूचे रोल करणारेही नाहीत. तिकडे काळी माणसं सिनेमात काम करत नाहीत का?

मी त्यांना सांगितलं की करतात, चांगली करतात, पण आधी नावं निवडली जातात आणि मग त्यातून एकाला मिळतो. यंदा निवडीतच कुणी आलं नाही. त्यावरून तिकडेही आरडाओरडा चाललाय. सुभेदारांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"म्हंजे जोडच लावली न्हाई," ते म्हणाले. "मग जिकायचा कसा गडी? लोकास्नी वाटतंय, काळी जिकत न्हाईत. आवं, मैदानात घेतल्यालंच न्हाई त्यास्नी."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढं मला कळलं की त्यांचा हा नियमच होता. काळ्या माणसाला पिवळा पैलवान मिळाला तर गल्लीत जिलेबी. नाव येऊन हरला तर जिलेबी नाही, पण जेवण. आणि जोडच लावली नाही तर कडकडीत उपास. काकी कुणी विचारलं तर सांगत, सोमवारच असतो, महादेवाचं म्हणून धरतात. त्यामुळे सुभेदार लय देवभक्त आहेत असं अर्ध्या गावाचं मत झालं होतं.

हा नाद त्यांना का लागला याचं कोडं मला होतं. एकदा मी हुशारी केली. म्हटलं, सुभेदार, तुम्ही राहिलात आफ्रिकेत, ही तर अमेरिकेतली माणसं, यांचा त्यांचा काय संबंध? ते म्हणाले, अमेरिकेला ती चालत गेली नव्हती, धरून नेली होती. पण नाद असला तरी त्यांनी त्या नटनट्यांची नावं कधी पाठ केली नाहीत. मी सांगायला गेलो की हात हलवत. त्यांनी आपली ठेवणीतली नावं दिली होती. एक होता लांब हाताचा. एक होती भारी आवाजाची. एक बिचारा दर वेळी नाव येऊन हरायचा, त्याला ते आमचा बरोबरीतला म्हणायचे.

मी शिकवणारा माणूस, मला गप्प बसवत नाही. मी शोधून शोधून त्यांना माहिती पुरवत असे. एकदा सांगितलं की फार पूर्वी, हा पुरस्कार पहिल्यांदा ज्या काळ्या बाईला मिळाला तो मोलकरणीच्या भूमिकेसाठी. आणि त्या सोहळ्याला तिला बाकीच्यांबरोबर बसू दिलं नव्हतं, मागं भिंतीला वेगळं टेबल टाकून दिलं होतं. सुभेदार पायाचा अंगठा चोळत बसले.

"फेटा बांधला, पर पंगतीत न्हाई बसवली," ते म्हणाले. मग म्हणाले, "आपल्यात बी म्हनत्यात, मातीत जात लागत न्हाई. मातीत लागत न्हाई, सर. मातीतनं भाईर आल्यावर लागती."

असं काही बोलून झालं की ते लगेच वैरण टाकायला जात, म्हणजे समोरच्यानं काही बोलायला नको.

एका वर्षीचा सोहळा मात्र मी विसरणार नाही. सगळ्यात शेवटचा, सिनेमाचा मुख्य पुरस्कार होता. नाव वाचलं, ती मंडळी स्टेजवर गेली, पुतळे हातात आले, आभाराची भाषणं सुरू झाली. सुभेदार उठून दात घासायला निघाले होते. तेवढ्यात स्टेजवर गडबड उडाली. पाकीट चुकलं होतं. ज्यांना पुरस्कार दिला होता त्यांच्यातलाच एक माणूस माईकसमोर आला आणि त्यानं सांगितलं की आम्ही नाही, ते जिंकलेत, या वर. आणि ज्यांना बोलावलं त्यांचा सिनेमा एका काळ्या पोराच्या आयुष्यावर होता. मी आनंदानं टाळ्या पिटल्या, जिलेबी नक्की झाली म्हणून. सुभेदार तोंडात ब्रश तसाच धरून उभे होते. त्यांनी विचारलं, तो माणूस काय म्हणाला ते परत सांगा. मी सांगितलं. परत एकदा सांगा म्हणाले. जिलेबी त्यांनी आणली, गल्लीत वाटली, पण स्वतः खाल्ली नाही. दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. काकींनी मला बाजूला घेऊन विचारलं की सर, टीव्हीवर कुणी गेलं काय.

पीटर आमच्या गोष्टीत आला तो कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर. तो तिथल्या एका कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकत होता. आम्ही काकींच्या चष्म्यासाठी गेलो होतो आणि सुभेदारांना फलाटावर हा उंच, काळाभोर, लांब हातापायांचा मुलगा दिसला. त्यांनी फौजेतली हिंदी लावून त्याला गाव विचारलं. त्यानं देश सांगितला. सुभेदारांनी अंग विचारलं, नदीच्या अलीकडचा की पलीकडचा. मुलगा चकितच झाला, कारण कऱ्हाडात आजवर त्याला सगळ्यांनी फक्त क्रिकेट खेळतोस का एवढंच विचारलं होतं. कुस्ती धरतो का, असं विचारल्यावर तो लाजला. गावाकडं गुरांच्या तळावर धरायचो, म्हणाला. सुभेदारांनी त्याचं मनगट धरून पाहिलं, दंड दाबला, वजन विचारलं आणि त्याला त्याच गाडीनं घरी जेवायला आणलं. काकींनी मटण केलं. पीटर दारातून वाकून आत आला आणि त्यानं काकींना वाकून नमस्कार केला. तेव्हापासून त्याची थाळी आमच्या घरी ठरलेली.

तो सुट्टीच्या दिवशी येई आणि गावच्या तालमीत उतरे. पोरं आधी लांबून बघत, मग जवळ आली, मग त्याच्या मानेवर बसायला लागली. त्यानं यंदा मैदानात खेळावं असं पोरांनीच काढलं. सुभेदार वरून काही बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात म्हशीचं दूध डेअरीला कमी गेलं.

यात्रा कमिटीचे मुख्य म्हणजे सोसायटीचे चेअरमन. त्यांना ही बातमी कळली आणि ते खूश होऊन आले. त्यांनी फ्लेक्सचा मजकूरसुद्धा तयार केला होता. आफ्रिकन गेंडा, असं लिहायचं आणि पीटरचा फोटो. आणि त्याची जोड लावायची पलूसकडच्या एका बुटक्या, गोलमटोल पैलवानाशी, जो गमतीच्या कुस्त्या करायचा. लंगोट सुटल्याचं सोंग, पळापळ, पायातून निसटणं. बायाबापड्या हसतील, गर्दी होईल. मानाच्या कुस्तीआधी जरा करमणूक. पीटरला मानधन बी देऊ म्हणाले.

मी तिथंच बसलो होतो. सुभेदारांनी चेअरमनना पाणी दिलं, चहा दिला आणि मग विचारलं, "म्हंजे ह्याला बी मोलकरणीचाच रोल?"

चेअरमनना अर्थातच काही कळलं नाही. सुभेदारांनी समजावून सांगायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी सांगितलं की पीटरची जोड खरी लागेल, त्याच्या वजनाच्या, तयार पैलवानाशी, मानाच्या कुस्तीच्या आधीची. गेंडाबिंडा काही लिहायचं नाही, बापानं ठेवलेलं नाव लिहायचं. तसं नसेल तर यंदा जोडी दुसऱ्या कुणी लावाव्यात. चेअरमन म्हणाले की सुभेदार, तुम्ही आमच्या गावाची शान हाय, तुमचा शब्द मोडत न्हाई, पर त्यो पडला तर लोक आपल्याला हसतील. सुभेदार म्हणाले, पडू द्या. खरा पडू द्या.

चेअरमननी मग डाव टाकला. म्हणाले, खरी जोड पाहिजे तर माझ्या पुतण्याशी लावा. पुतण्या म्हणजे गावच्या तालमीतला सगळ्यात तयार गडी. मला वाटलं सुभेदार आढेवेढे घेतील. ते म्हणाले, लावली.

नंतरचे दिवस त्यांनी पीटरला तालमीत रगडला. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा घोकून घेत. तुमच्याकडं गडी जमिनीला टेकला की कुस्ती संपती, आमच्याकडं नाही. आमच्याकडं दोन्ही खांदे मातीला लागले पाहिजेत, पाठ लागली पाहिजे. पाडलंस की थांबू नको, वर बस. पीटर मान डोलवायचा, करूनही दाखवायचा. पण लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट मान डोलावून जात नाही, हे आम्ही सगळे विसरलो होतो.

मैदानाच्या दिवशी गर्दी अफाट झाली, गेंडा न लिहिताही. पीटरनं सलामी दिली, कपाळाला माती लावली. हलगी वाजायला लागली. सुरुवातीला पुतण्या त्याला नुसता फिरवत होता. मग पीटरनं आपल्या त्या लांब हातांनी त्याची कंबर धरली आणि काय झालं ते कळायच्या आत पुतण्या हवेत उचलला गेला आणि हातागुडघ्यांवर मातीत आला. आणि पीटर? पीटर सोडून देऊन उभा राहिला. दोन्ही हात वर केले, आमच्याकडं तोंड केलं आणि आनंदानं उड्या मारायला लागला. पुतण्यानं मागून त्याच्या दोन्ही पायांना मिठी घातली, खाली ओढला, पलटी केला आणि छातीवर बसला. पंचांनी शिट्टी वाजवली.

मग जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होती. गमतीच्या कुस्तीची काही गरज नव्हती, असं माझ्या मागचा एकजण म्हणाला. पीटर पाठीला माती लागलेला तसाच उभा होता आणि त्याला कुणी काही सांगत नव्हतं. मला रडायला आलं, खोटं कशाला बोलू.

सुभेदारांनी माईक घेतला. त्यांनी पुतण्याचं नाव घेतलं, चितपट म्हणून निकाल दिला, फेटा बांधायला सांगितलं. चेअरमननी हात जोडले. पण सुभेदारांनी माईक खाली ठेवला नाही.

"हसू नगा," ते म्हणाले. "ह्येच्या मुलखात गडी खाली टेकला की कुस्ती सपली. तितं पाठ लावत न्हाईत. त्याच्या मातीत ही कुस्ती त्यानं जिकली असती. पर माती आपली हाय, नियम आपला हाय, म्हणून निकाल आपल्या पोराचा. त्यात माझं काय म्हणणं न्हाई."

हशा जरा कमी झाला. मला वाटलं संपलं.

"आता माझं ऐका. मी आफ्रिकेत कुस्ती धरली ती त्यांच्या मातीत. एका गुराख्यानं मला उचलून टाकला. तोंडावर पडलो. पाठ लागली न्हाई. आपल्या पोरांनी कालवा केला, पाठ लागली न्हाई, कुस्ती बरोबरीत. मी बी हो म्हनलो. माती त्यांची, नियम त्यांचा, आन् निकाल मी माझा लावला. तुमी माझी मिरवणूक काढली. मी पडल्याला मानूस हाय. त्यो निकाल ऱ्हायला हुता, आज देतो. आफ्रिकेतली कुस्ती जिकली..."

आणि ते थांबले. माईकमधून वारा ऐकू येत होता. हलगीवाल्यानं कुठून तरी एक थाप मारली आणि लगेच हात आवरला. सुभेदारांचे ओठ हलत होते. आयुष्यभर निकाल देणाऱ्या माणसाला शब्द सापडत नाही, असं मैदानानं कधी बघितलं नव्हतं.

"नाव ठावं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "म्या इचारलंच न्हाई."

त्यांनी माईक चेअरमनच्या हातात दिला, पीटरच्या पाठीवरची माती हातानं झाडली आणि त्याला घेऊन घरी आले. मानाची कुस्ती त्यांनी बघितली नाही.

गावानं मग जे करायचं ते केलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, आमच्याकडं तसं बोलत नाहीत. पण त्यांच्याच वयाच्या फौजेतल्या दोघांनी येणं बंद केलं. गावची इज्जत मातीत घातली, असं म्हणणं पडलं. कमिटीची पुढची बैठक झाली तिचा निरोप आला नाही, आणि पुढच्या वर्षी जोडी वांगी गावचे एक वस्ताद लावतील असं परस्पर ठरलं. काकी वेगळ्याच कारणानं रुसल्या होत्या. मिरवणुकीच्या दिवशी त्यांनी वेशीत सगळ्यांदेखत ओवाळलं होतं. जगाला सांगायच्या आधी मला सांगायचं होतं, एवढंच त्या म्हणाल्या, आणि आठवडाभर ताट नुसतं पुढं सरकवत राहिल्या. सुभेदार मुकाट जेवत. मला वाटायचं, उगाच बोलले. ज्याला सांगायचं तो कुठल्या कुठं आफ्रिकेत, त्याला काय कळणार, आणि इथं हातचा मान गेला. मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी माझं वजन आणखी कमी झाल्यासारखा माडीवर गेलो.

महिनाभरानं तो सोमवार आला. पीटर आदल्या संध्याकाळीच आला होता. सुभेदारांनीच बोलावलं होतं, आपल्या माणसाचं कौतुक आपल्या माणसाबरोबर बघावं म्हणून. पहाटे मी खाली गेलो तर एक नवीन गोष्ट चालू होती. सुभेदार नावं शिकत होते. त्या वर्षी निवडीत आलेल्या काळ्या नटनट्यांची नावं त्यांनी मला एकेक करून म्हणायला लावली आणि स्वतः म्हटली. जीभ वळत नव्हती. एक नाव तर काकींना आधी जमलं, आणि त्यावरून दोघांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पीटरला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. त्यानं हा सोहळा जन्मात बघितला नव्हता. ते अमेरिकन आहेत, म्हणाला, आणि सोफ्यावर पाय बाहेर काढून झोपून गेला. सुभेदारांना हे लागलं, पण त्यांनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

मुख्य नटाचा पुरस्कार आला. ज्याचं नाव सुभेदारांना सगळ्यात कष्टानं पाठ झालं होतं, तो हरला. कॅमेरा त्याच्यावर गेला तेव्हा तो हसून टाळ्या वाजवत होता. सुभेदार त्याचं नाव नीट, सावकाश, एकदा मोठ्यानं म्हणाले. त्या आवाजानं पीटर जागा झाला.

मग सुभेदारांनी त्याला ते विचारलं, जे बहुधा मैदानापासून त्यांच्या मनात होतं. हिंदीतच विचारलं. तो गुराखी आता म्हातारा झाला असेल, किंवा नसेलही. त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल? त्याचा निकाल बुडवला मी. तो अजून मनात ठेवून असेल का?

पीटर डोळे चोळत उठून बसला. त्याला प्रश्नच नीट कळला नाही. निकाल कसा बुडेल, म्हणाला. आमच्याकडं कुस्ती जिंकली की त्याच संध्याकाळी गुरांच्या तळावर गाणं करतात. जिंकणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याच्या बैलाचा रंग, सगळं त्यात येतं. परदेशातून आलेला फौजी पाडला म्हटल्यावर तर ते गाणं पोरं अजून म्हणत असतील. तुम्ही बरोबरी म्हणालात, ते तुमच्या तंबूत. त्याच्या गावात कुणी ते ऐकलंही नसेल.

सुभेदार माझ्याकडं वळले.

"म्हंजे तितं निकाल कवाच लागलाय," ते मला म्हणाले. "फकस्त आपल्यालाच ठावं नव्हतं."

सुभेदारांनी घसा साफ केला आणि पीटरला आणखी एक विचारलं, जरा लाजत. त्या गाण्यात त्यांचंही नाव असेल का?

पीटर म्हणाला, नाही. पडलेल्याचं नाव गाण्यात घेत नाहीत. फौजी म्हणाले असतील. नाव कुणी विचारलंही नसेल.

आधी काकी हसल्या. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत हसल्या. मग सुभेदार हसले. इतके हसले की मोडक्या कानांपर्यंत लाल झाले आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी हसण्याचंच होतं की नाही, ते मी बघायला गेलो नाही.

"फिट्टंफाट," ते म्हणाले.

टीव्हीवर जिंकलेला नट आपल्या आईचे आभार मानत होता. पीटर पुन्हा आडवा झाला होता. काकी चहाला त्याला उठवायला निघाल्या, तर सुभेदारांनी त्यांना हातानं थांबवलं.

"झोपू दे त्याला," ते म्हणाले. "जिकल्याल्या मुलखातला गडी हाय."